चार बोटं खाली

कॉलेजात हॉल एकच होता. त्यात परीक्षा होत, सभा होत, रक्तदान होई, निरोपसमारंभात रडणं होई आणि उरलेल्या दिवसांत बास्केटबॉल होई. परीक्षेच्या दिवसांत मुलं पेपरपेक्षा रिंगकडे जास्त बघतात, असं एका प्राचार्यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून परीक्षा आली की दोन्ही टोकांचे बोर्ड रिंगसकट उतरवायचे आणि परीक्षा संपली की पुन्हा चढवायचे, असा नियम झाला. प्राचार्य बदलले, नियम राहिला. नियमांना निवृत्तीचं वय नसतं.

हे उतरवण्याचं आणि चढवण्याचं काम सव्वीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. कागदावर तो शिपाई होता. पण प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्याला मापकाका म्हणत. वर्गात फळा वाकडा लागला तर मापकाकांना बोलावत. ते दारातच उभे राहत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "डावीकडून अर्धा इंच." सुतार मग फूटपट्टी लावून बघे. अर्धा इंचच निघे. पुढे पुढे सुतारानं फूटपट्टी लावायचं सोडून दिलं. गल्लीतल्या लोकांनी कपाटं घ्यायच्या आधी त्यांना घरी नेऊन भिंत दाखवली होती. आपल्या डोळ्याचा त्यांना अभिमान होता. तो ते बोलून दाखवत नसत, चालण्यातून दाखवत. हॉलच्या ओल्या फरशीवरून पोछा मारत मागे मागे सरकतानासुद्धा हा माणूस राजासारखा सरके.

कॉलेजची स्पर्धा खेळाच्या जुन्या सरांनी सुरू केली. त्यांच्या एका विद्यार्थिनीचा पाय अपघातात गेला होता आणि गावाबाहेरच्या पुनर्वसन केंद्रात तिच्यासाठी चाकाची खुर्ची शिल्लक नव्हती. सरांना भाषण करता येत नसे, म्हणून त्यांनी स्पर्धा काढली. घरचा धरून आसपासच्या चार कॉलेजांच्या मुलींचे संघ, दोन दिवस, शनिवार आणि रविवार. तिकीट नाही. त्याऐवजी रस्त्यावरचे दुकानदार, डॉक्टर, शिंपी, प्राध्यापक, ज्याला वाटेल त्यानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं: दर बास्केटला मी इतके देईन. बास्केट कुणीही टाको, घरचा संघ किंवा पाहुणा. बॉल जाळीतून पडला की गावातल्या तीसचाळीस खिशांना एकदम चिमटा बसे. त्यातून दरवर्षी केंद्राला खुर्च्या मिळत. ज्या वर्षी सामने रटाळ होत त्या वर्षी खुर्च्या कमी येत. म्हणून या गावात लोक चांगला बचाव करणाऱ्या मुलीकडे जरा रागानंच बघत.

रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते. त्यासाठी सरांनी एक लाकडी दांडा स्वतः तासून दिला होता, बरोबर दहा फुटांचा. खांबावरचे चार नटबोल्ट ढिले करायचे, दांडा रिंगखाली उभा करायचा, रिंग त्याच्या डोक्यावर टेकवायची, बोल्ट आवळायचे. मोजपट्टी लागत नाही, आकडा वाचावा लागत नाही, चूक होत नाही. "माणूस आकडा चुकीचा वाचू शकतो," सर म्हणत. "दांडा वाचायला बसत नाही." बाहेरून येणारे पंच विचारत, "उंची बघितली?" मापकाका दांड्याकडे नुसती मान करत. पंच पुढे विचारत नसत.

वीस वर्षं दांडा सरांच्या खोलीत कपाटामागे आडवा असे. सर निवृत्त झाले, कपाट भांडारात गेलं, आणि दांड्याला जागा उरली नाही. मापकाकांनी तो मोरीच्या कोपऱ्यात उभा केला, पोछ्याच्या शेजारी. जागा हाताशी होती. ती ओलीही होती.

आता लाकूड म्हणजे लाकूड. वर्षभर पाण्यात पाय ठेवून उभं राहिल्यावर त्याचा पाय कुजतो. पहिल्या वर्षी स्पर्धेआधी मापकाकांनी दांडा काढला तर खालचं टोक मऊ पडलेलं, कुंचल्यासारखं पिंजारलेलं. असला दांडा घेऊन चारचौघांत उभं राहणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी करवत आणली, कुजका भाग काढला, टोक कानशीनं गुळगुळीत केलं आणि तेल लावलं. दांडा नव्यासारखा झाला. पुढच्या वर्षीही केला. त्याच्या पुढच्याही. दरवर्षी अर्धा इंच, कधी जरा कमी, कधी जरा जास्त. ज्या माणसाला दारातून फळ्यातला अर्धा इंच दिसे, त्याला स्वतःच्या हातातला दिसला नाही. कारण फळा मोजायचा असतो. दांडा हे तर माप. माप कोण मोजतं?

अशी सहा वर्षं गेली. या सहा वर्षांत घरच्या संघानं आपली स्पर्धा सहाही वेळा जिंकली आणि बाहेरची एकही जिंकली नाही. बाहेर गेलं की बॉल रिंगच्या पुढच्या काठावर आपटून परत येई. आणि पाहुण्या मुली इथे आल्या की त्यांचा बॉल रिंगवरून मागच्या बोर्डावर जाई. यावर स्टाफरूममध्ये विद्वत्ता पुष्कळ सांडली. इतिहासवाले म्हणाले, घरात वाघ, बाहेर शेळी, ही जुनी गोष्ट आहे. भूगोलवाले म्हणाले, हवेचा फरक. रसायनवाल्यांनी पाण्याचा संशय घेतला आणि एका वर्षी मुलींबरोबर इथलंच पाणी दोन पिंप भरून पाठवलं. मुली इथलं पाणी पिऊन हरल्या.

त्या संघात मापकाकांची मुलगी होती. तिला सगळे बुटकी म्हणत. ती खरोखरच बुटकी होती, त्यामुळे तिला राग येत नसे. उंच मुलींच्या घोळक्यात शिरून उपयोग नाही, हे ती लहानपणीच शिकली होती. बाप हॉल पुसत असताना ती लांबच्या रेषेबाहेर उभी राही आणि तिथून बॉल फेकी. दहा वर्षं फेकत होती. या हॉलमध्ये तिचे दहातले सात बॉल जात. बाहेर दहातला एक. विद्यापीठाच्या संघात जायचं हे तिनं दहाव्या वर्षी ठरवलं होतं, आणि आता ती शेवटच्या वर्षाला होती. विद्यापीठाचे निवड करणारे दोघे यंदा याच स्पर्धेला येणार होते. बाहेर ती जिथे जिथे खेळली तिथे तिथे तिनं नाव घालवलं होतं. घरच्या मैदानावरची ही एकच संधी होती, आणि ती शेवटची होती.

स्पर्धेच्या आधीच्या बुधवारी दुपारी पेंटर बॅनर घेऊन आला. खेळाच्या नव्या मॅडमना वाटलं होतं की चिठ्ठ्या देणाऱ्यांची नावं दिसायला हवीत. म्हणून त्यांनी दोन लांब बॅनर सांगितले होते, दोन्ही खांबांना रिंगच्या उंचीपासून जमिनीपर्यंत. दहा फुटांचे.

पेंटरनं शिडीवर चढून पहिला बॅनर रिंगच्या पातळीला बांधला आणि सोडला. तो जमिनीवर पोचला आणि पुढे पाय पसरून बसला. औषधाच्या दुकानदाराचं नाव फरशीवर आडवं झालं.

मापकाका दारातून म्हणाले, "लांब झाला."

"दहा फूट सांगितला, दहा फूट केला," पेंटर शिडीवरून म्हणाला.

"तीन इंच लांब आहे. बघायला लागत नाही."

"काका, पोलादी टेपनं मोजलाय."

"मग टेप बघ तुझी."

"टेप काय बघायची? टेप काय रबराची असते?"

"तुझ्या हातात आल्यावर असेल."

पेंटर खाली उतरला. तो गरीब स्वभावाचा होता, पण त्याच्या टेपला कुणी बोललेलं त्याला खपत नसे. त्यानं खिशातून टेप काढली, रिंगला अडकवली आणि जमिनीपर्यंत ओढली. मग तो बराच वेळ वाकून राहिला.

"काका, जरा इकडे या."

"का?"

"नऊ फूट नऊ इंच."

मापकाका हसले. मोरीतून दांडा घेऊन आले आणि रिंगखाली उभा केला. कागदाला जागा राहू नये असा बसला. "हे बघ," ते म्हणाले. पेंटरनं टेप दांड्याला लावली. त्यानं आकडा वाचून दाखवला नाही. गरज नव्हती. मापकाका दांड्याच्या खालच्या टोकाकडे बघत होते, तेल लावलेल्या, गुळगुळीत टोकाकडे. सहा वर्षांचे सहा तुकडे त्यांना एकदम आठवले. त्यातला एक तर त्यांनी दाराखाली पाचर म्हणून ठोकला होता.

ते भिंतीला टेकून खाली बसले.

"दुसऱ्या बाजूचीही तेवढीच असणार," पेंटर म्हणाला, आणि समाधान वाटावं म्हणून पुढे म्हणाला, "म्हणजे अन्याय कुणावरच नाही."

मापकाकांनी दांडा मांडीवर आडवा घेतला.

"काका, हे बघा. मी बॅनर चार बोटं कापतो. औषधवाल्याचं नाव वर लिहून देतो. तुम्ही गप्प, मी गप्प. झाकली मूठ."

"आणि तुझी टेप?"

"टेप काय बोलते?"

मॅडमना मात्र मापकाकांनी संध्याकाळच्या आत सांगितलं. मॅडमनी खुर्ची ओढून घेतली, मग उठून दार लावलं.

"किती जणांना माहीत आहे?"

"मी, पेंटर, आता तुम्ही."

"सोमवारी वर करा," मॅडम म्हणाल्या. "तीन दिवसांवर स्पर्धा आहे. आपल्या मुलींचे बॉल जायचे नाहीत. बास्केट कमी पडल्या तर खुर्च्या कमी. केंद्रात सात जण वाट बघतायत, काका. तीन इंचांसाठी त्यांना बसवून ठेवायचं?" मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. "म्हणजे, तुम्हाला समजतंय मी काय म्हणतेय ते."

मापकाका हो म्हणाले आणि घरी गेले.

घरी जेवणाची ताटं वाढलेली होती. मापकाकांनी हात धुतले, बसले आणि ताटाकडे न बघता सगळं सांगून टाकलं. दांडा, मोरी, करवत, कानस. सांगताना त्यांनी तेलसुद्धा वगळलं नाही.

बायको म्हणाली, "सव्वीस वर्षं मला सांगताय, तुझी पातेली शेल्फवर सरळ रेषेत नसतात."

"नसतातच."

"नसू देत आता."

बुटकीनं घास खाली ठेवला होता. "बाबा," ती म्हणाली, "बाहेर माझा बॉल पुढच्या काठावर लागतो."

"हो."

"दरवेळी. एकाच जागी. चार बोटं कमी."

"हो."

"मी तीन वर्षं मनगटाचे व्यायाम केले. डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासले. मागच्या वर्षी बसमध्ये मुली माझ्याशी बोलत नव्हत्या, आठवतं? मला वाटायचं मी भित्री आहे. बाहेर गेलं की हात थरथरतो माझा, असं मी सगळ्यांना सांगायचे. थरथरत नव्हता हो. मीच समजूत करून घेतली होती."

मापकाकांना आयुष्यात पहिल्यांदा काही मोजता आलं नाही.

"मॅडम म्हणतायत, सोमवारी करू," ते म्हणाले. "रविवारपर्यंत राहू दे. निवडवाले येऊन बघून जातील. इथे तुझे दहात सात जातात."

"आणि निवड झाल्यावर? तिथल्या रिंगा पण तुम्ही कापून देणार?"

"अगं, बापाशी कसं बोलतेस," आई म्हणाली; पण नेहमीच्या जोरानं नाही.

"वर करा," बुटकी म्हणाली. "उद्या सकाळी."

"पोरी, तीन दिवसांत हात बदलत नाही."

"मला माहितीये बदलत नाही. वर करा."

गुरुवारी सकाळी कॉलेज उघडायच्या आधी बापलेक हॉलमध्ये होते. मापकाकांनी पेंटरकडून टेप मागून आणली होती, आणि ती हातात धरताना दुसऱ्याचं मूल धरल्यासारखी धरली होती. चार बोल्ट ढिले केले, रिंग चढवली, मुलीनं खालून आकडा वाचला, त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. दुसरी बाजूही केली. मग बुटकी रेषेबाहेर उभी राहिली आणि पहिला बॉल फेकला. पुढच्या काठावर आपटून तो सरळ तिच्या हातात परत आला. दुसराही आला, तिसराही. एखाद्या आज्ञाधारक कुत्र्यासारखा बॉल पुन्हा पुन्हा परत येत राहिला. चाळीस फेकले, तीन गेले. मापकाका शिडीवर बसून होते. उतरावं की बसून राहावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

बाकीच्या मुलींना तिनंच सांगितलं. त्यांनी आधी मापकाकांकडे बघितलं, मग रिंगकडे, मग काचेच्या कपाटातल्या सहा चषकांकडे. एक उंच मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण चांगल्या नाही आहोत?" मॅडमना कळलं तेव्हा त्या मापकाकांना म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणाला होतात." ते म्हणाले, "हो." दोघंही आपापल्या कामाला लागले.

शनिवारी घरचा संघ सहा वर्षांत पहिल्यांदा घरी हरला. प्रेक्षकांना काय झालंय ते कळेना. बुटकीनं चौदा बॉल फेकले, एक गेला, आणि तोही बोर्डाच्या कृपेनं. भूगोलवाले म्हणाले, हवा बदलली. निवडवाले दोघे पहिल्या बाकावर होते, एक जाडे आणि एक त्यांच्या मानानं फारच बारीक. जाड्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. मापकाकांना एवढ्या अंतरावरून अक्षर वाचता आलं नाही. पण रेघ सरळ आणि शेवटची होती, एवढं त्यांना दिसलं.

रविवारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. असल्या सामन्याला सहसा आयासुद्धा उशिरा येतात. पहिल्या अर्ध्यात बुटकीचा सहातला एक गेला. मधल्या सुट्टीत ती पाणी न पिता रिंगखाली जाऊन वर बघत उभी राहिली, घरात नवीन भाडेकरू आला की त्याच्याकडे बघतात तशी. दुसऱ्या अर्ध्यात तिचा पहिला बॉल पुन्हा काठावर लागला. दुसरा काठावरच जरा घुटमळला आणि आत पडला. तिसरा कुठेही न लागता गेला. चौथाही. बाकावरचा शिंपी ओरडला, "अगं बास, माझं दुकान जाईल!" आणि लोक हसले. तिनं आठातले पाच टाकले. संघ तरीही दोन गुणांनी हरला.

सामना संपल्यावर निवडवाले उठत होते. मॅडम त्यांच्याजवळ उभ्या होत्या. बारीक गृहस्थ म्हणाले, "त्या बुटक्या मुलीचं काय झालं होतं काल? बरं नव्हतं का?"

मॅडमनी तोंड उघडलं होतं. हो म्हणणं सोपं होतं, आणि त्यात कुणाचं वाकडं होणार नव्हतं. पण त्यांच्या आधी पोछा हातात घेतलेला माणूस पुढे आला.

"बरी होती," मापकाका म्हणाले. "रिंग सहा वर्षं खाली होती. तीन इंच. गुरुवारी वर केली. माप चुकलं होतं. ते माझं काम."

हॉलमध्ये जे दहाबारा लोक उरले होते ते सगळे ऐकू लागले. त्यात सुतार होता.

"तुम्ही कोण?" जाड्यांनी विचारलं.

"शिपाई."

"तिचे कोण?"

"वडील."

"ती याच रिंगवर शिकली?"

"दुसरी नाहीच आहे इथे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बारीक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे गुरुवारपासून आज रविवार." जाड्यांनी वही उघडली, कालची रेघ शोधली, तिच्याखाली आणखी काहीतरी लिहिलं आणि पुन्हा रेघ मारली. मग दोघं चहा न घेता गेले.

सुतार दाराशी थांबला होता. मापकाका जवळ आले तसा तो म्हणाला, "मागच्या वर्षी लायब्ररीचा फळा तुम्ही सांगितला तसा लावला होता."

"हो."

"जरा बघून घेऊ म्हणतो." आणि तो फूटपट्टी आणायला गेला.

सोमवारी मॅडमनी दोन्ही दिवसांच्या बास्केट मोजल्या. घरच्या मुलींच्या निम्म्यावर आल्या होत्या. पण पाहुण्या मुलींचा बॉल या वर्षी मागच्या बोर्डावर न जाता जाळीत गेला होता. मागच्या वर्षीपेक्षा अकरा जास्तच भरल्या. केंद्राच्या सातही जणांना खुर्च्या मिळाल्या, वर कुबड्यांची एक जोडी. मॅडमनी बेरीज तीनदा केली. आपला अंदाज चुकला याचा आनंद मानावा लागणं, हे त्यांना जरा जडच गेलं.

विद्यापीठाची यादी तीन आठवड्यांनी लागली. बुटकी ती बघून आली तेव्हा जेवायची वेळ झाली होती. तिनं चपला काढल्या, पिशवी टांगली, हात धुतले. कुणी काही विचारलं नाही. त्या घरात विचारायची हिंमत फक्त आईत होती, आणि ती वाढत होती.

"बारा नावं आहेत," बुटकी म्हणाली. "माझं त्यात नाही. त्याच्याखाली दोन राखीव आहेत. दुसरं माझं आहे."

मापकाकांनी मान हलवली. बारा आणि दोन, असा काही हिशेब त्यांच्या डोळ्यांत चालला होता. पण तो तोंडावर आला नाही.

"सरावाला राखीवांनाही बोलावलंय. वीस दिवस."

"तिथली रिंग..." मापकाकांनी सुरुवात केली.

"बाबा, तिथली रिंग तुम्ही लावलेली नाही."

उत्तर त्यांना लागलं, पण बरोबर होतं, आणि बरोबर गोष्टीशी भांडण्याची त्यांना सवय नव्हती.

आईनं वाढता वाढता हात थांबवला. "राखीव म्हणजे काय गं?"

"बारातल्या कुणाला काही झालं तर पहिली राखीव जाते. आणखी एकीला झालं तर मी."

"म्हणजे दोघींना व्हायला हवं."

"हो."

"छे, छे. कुणाचं वाईट चिंतायचं नाही."

"नाहीच चिंतत."

आईनं पुन्हा वाढायला घेतलं. "साधी सर्दी?" तिनं विचारलं.

"सर्दी चालेल," बुटकी म्हणाली, आणि ताट पुढे ओढलं.